गारठलेलं पान

नववीच्या वर्गात एक खोटं वर्षानुवर्षं चालत आलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेत चालू असलेला सूक्ष्मदर्शक एकच. मुलं रांगेत उभी राहायची. ज्याचा नंबर येईल त्याने एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावायचा, मागच्याने त्याच्या पाठीत कोपर मारायचं, सरांनी विचारायचं, "दिसलं?" आणि त्याने म्हणायचं, "दिसलं सर." मग बाकावर जाऊन पुस्तकातली आकृती जशीच्या तशी उतरवायची. कुणाला स्वतःच्या पापण्या दिसलेल्या असायच्या, कुणाला हवेचा बुडबुडा, कुणाला नुसता उजेड. वह्या मात्र सगळ्यांच्या एकसारख्या.

जीवशास्त्राच्या सरांना मुलं पेशीसर म्हणायची. कुठलाही विषय निघाला तरी सर फिरून पेशीवर येतात, अशी मुलांची तक्रार होती आणि ती खरी होती. सरांना हे नाव माहीत होतं. बायको जिवंत असताना तीही कधीकधी घरी हाक मारायची, "अहो पेशीसर, कचरा टाकून या." ती जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

या वर्षी शाळेत कंपनीचा माणूस येऊ लागला. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप. शाळेने नवा स्मार्ट वर्ग केला होता, भिंतभर पडद्याचा. त्या पडद्यावर चालणारे विज्ञानाचे व्हिडिओ तो विकत होता. प्रत्येक वाक्यात "एका क्लिकवर" म्हणायचा, म्हणून मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव क्लिकवाला ठेवलं.

व्हिडिओ चांगले होते, सरांनी ते नाकारलं नाही. पेशी गोलगोल फिरायची, उघडायची, आतून रंगीत दिवे लागल्यासारखी दिसायची. मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेतल्या मोठ्या बाई, ते पाहून खूश झाल्या. आणि एके दिवशी त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, प्रयोगशाळेची खोली मोकळी करावी म्हणते. तिथे दुसरा स्मार्ट वर्ग होईल. एका सूक्ष्मदर्शकासाठी अख्खी खोली अडवून ठेवायची म्हणजे काय?"

"आणि प्रात्यक्षिकं?"

"पडद्यावर. सगळ्यांना एकदम दिसेल. आत्ता काय दिसतं ते तुम्हालाही माहीत आहे."

बाई खोटं बोलत नव्हत्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बाई, मला एक तास द्या. त्याच पडद्यावर. मी सगळ्यांना एकदम दाखवतो, पण जिवंत दाखवतो. नाही जमलं तर प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मी स्वतः तुमच्या हातात आणून देईन."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. घशाच्या त्रासामुळे त्या दिवसभर थर्मासमधलं गरम पाणी प्यायच्या. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "दिला. पण मी येऊन बसणार. आणि त्या कंपनीच्या माणसालाही बोलावणार. समोरासमोर होऊन जाऊ द्या."

घरी आल्यावर सरांनी हे लेकीला सांगितलं. लेक नोकरी करत होती आणि घरही सांभाळत होती. तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, तुम्हाला टीव्हीचा रिमोट सापडत नाही. तुम्ही भिंतभर पडदा चालवणार?"

"तू शिकव की."

"शिकवते. पण शिकवताना मी सर, तुम्ही विद्यार्थी. मध्ये बोललात तर बाकावर उभं करीन."

मग सर शाळेतला सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून घरी आणू लागले आणि रोज संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत शाळा भरू लागली. भिंगावर फोन टेकवायचा, फोनच्या कॅमेऱ्यातून दिसेल ते मोठ्या पडद्यावर पाठवायचं, एवढंच काम. पण फोन केसभर हलला की चित्र गुल. सरांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण मधोमध कापलं, ते भिंगाच्या नळीवर बसवलं, वरून रबरबँडने फोन आवळला. पहिले काही दिवस नुसता काळोख दिसला. मग धुकं दिसलं.

"तुमच्या फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोत मी धुक्यातच उभी असते," लेक म्हणाली. "याने नाही व्हायचं."

"मग?"

लेकीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आईचा आहे ना."

आईचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर होता, पूर्वी असायचा तिथेच. कुणी वापरत नव्हतं, पण तो कधी बंदही पडला नव्हता. सर चार्ज करायचे. ते विसरले तर लेक करायची. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. त्या फोनवर बायकोने लावलेला गजर तसाच होता. रोज सकाळी साडेदहाला, घरात कुणी नसताना, तो वाजायचा आणि वाजून वाजून आपला आपण थांबायचा. माशांना खाणं घालायची ती वेळ.

मासे बायकोचे. खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत रंगीत मासे आणि तळापासून वरपर्यंत वाढलेली हिरवी पाणवनस्पती. दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर त्यातली एक काडी मागायचे, आणि दरवर्षी ती म्हणायची, "माझ्या माशांच्या घराचं छप्पर काढून नेताय." मग स्वतःच निवडून कोवळी काडी द्यायची. हे सर वर्गात सांगायचे, म्हणून तिचे मासे मुलांनाही माहीत होते. शेवाळ म्हटलेलं तिला खपत नसे. "शेवाळ नाही, झाड आहे ते. पाण्यात राहतं म्हणून काय झालं?"

सरांनी टाकीतलं एक कोवळं पान तोडलं, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवलं, वर पातळ काच झाकली आणि बायकोचा फोन झाकणावर बसवला. लेकीने टीव्ही जोडला.

टीव्हीभर हिरव्या विटांची भिंत उभी राहिली. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. आणि प्रत्येक विटेच्या आत, कडेकडेने, हिरवे ठिपके चालले होते. एकामागून एक, वळणावर जरा अडून, परत पुढे, गोल गोल.

"बाबा!" लेक उभीच राहिली. "हे आपल्या टाकीत चाललंय?"

"हो."

"रोज?"

"रोज. प्रत्येक पानात."

"आणि आम्ही इथे बसून मालिका बघत होतो!"

त्या रात्री सर निर्धास्त झोपले. बऱ्याच महिन्यांनी.

तासाच्या दिवशी त्यांनी सकाळी माशांना खाणं घातलं, टाकीतल्या पाण्यासकट दोन काड्या बाटलीत भरल्या आणि शाळा भरायच्या आधीच स्मार्ट वर्गात जाऊन सगळं मांडून ठेवलं. वाटेत कुणाचा धक्का लागायला नको, गडबड नको. खोलीला जाड पडदे होते. मोठ्या पडद्याला उष्णता चालत नाही म्हणून एसी सकाळपासून सोडलेला. बाटली टेबलावर ठेवून ते सरळ इतर तासांना गेले.

दहाला नववीचा वर्ग आत आला.

"अरे वा, पेशीसर आज पिक्चर दाखवणार!"

"फ्रीजमध्ये बसवलंय की काय आपल्याला?"

"गप रे, मोठ्या बाई आल्यात मागे."

मागच्या बाजूला मोठ्या बाई थर्मास घेऊन बसल्या. त्यांच्या शेजारी क्लिकवाला, पायावर पाय टाकून. पडदा चालवायला संगणकाच्या बाई होत्या, वयाने सरांच्या लेकीएवढ्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, काही अडलं तर माझ्याकडे नुसतं बघा, मी येते."

पहिल्या बाकावर शंका बसली होती. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण रोज "सर, एक शंका आहे" म्हणून उभी राहायची, म्हणून सगळे तिला शंकाच म्हणायचे. वर्गात "दिसलं सर" न म्हणणारी ती एकटीच. गेल्या प्रात्यक्षिकाला तिने रोखठोक सांगितलं होतं, "सर, मला फक्त माझी पापणी दिसली," आणि वर्ग खो खो हसला होता.

सरांनी पान तोडलं, काचपट्टी बसवली, फोन आवळला. संगणकाच्या बाईंनी बोटाने काहीतरी केलं आणि भिंतभर हिरव्या विटा उभ्या राहिल्या.

वर्गातून "ओ!" असा आवाज निघाला. सरांचा जीव भांड्यात पडला.

पण विटांतले ठिपके हलत नव्हते.

सरांनी भिंग वरखाली केलं. चित्र आणखी स्पष्ट झालं. ठिपके जागच्या जागी, रंगाने काढल्यासारखे. त्यांनी पान सरकवलं, दुसरी जागा पाहिली. तिथेही तेच.

"सर, हँग झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

"पॉज दाबलं गेलं असेल."

"सर, जरा फॉरवर्ड करा ना!"

सरांनी संगणकाच्या बाईंकडे पाहिलं. त्या धावत आल्या, वायर काढून परत लावली, पडदा बंद करून चालू केला. हिरव्या विटा परत आल्या, तशाच मुकाट. "सर, इकडे काहीच बिघडलेलं नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "जे दिसतंय ते आत्ताचंच आहे."

शंकाने हात वर केला. "सर, एक शंका आहे."

"विचार."

"हा फोटो आहे ना?"

"नाही. हे पान आहे. या टेबलावरचं. जिवंत."

"मग जिवंत असून काहीच कसं करत नाही?"

क्लिकवाल्याने घसा खाकरला. "मॅडम, आमच्या व्हिडिओत हीच हालचाल अगदी स्पष्ट दिसते. हवं तर एका क्लिकवर..."

"थांबा जरा," मोठ्या बाई म्हणाल्या, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलेलं सरांना दिसलं. खिशातली कपाटाची किल्ली त्यांच्या बोटांना लागली. काल घरी चाललं होतं. तेच झाड, तेच भिंग, तोच फोन. आज काय झालं?

तेवढ्यात हिरव्या विटांच्या वर, भिंतीवर, एक पाटी उघडली आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी मोठ्याने घंटी वाजू लागली. पाटीवर हातभर अक्षरं होती. "मासे जेवायचे आहेत."

वर्ग फुटला. कुणी बाकावर डोकं टेकून हसत होतं, कुणी "सर, मासे!" म्हणून ओरडत होतं. सर फोनकडे धावले, पण फोन रबरबँडने आवळलेला. काढावा तर चित्र जाणार. ते तसेच उभे राहिले. घंटी वाजत राहिली. मग मुलांपैकी काहींना कळलं असावं तो फोन कुणाचा. हसू एका टोकाकडून विरत गेलं आणि वर्ग गप्प झाला. शेवटी घंटी आपली आपण थांबली, रोज घरी थांबायची तशी.

शांततेत शंका म्हणाली, या वेळी हात वर न करता, "सर, मासे अजून आहेत?"

"आहेत. सगळे आहेत."

"थंडीत मरत नाहीत? आमच्याकडचे मेले होते."

"टाकीत हीटर आहे. पाणी कोमट राहतं, म्हणून..."

सर वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली. बर्फासारखी गार. सकाळपासून या खोलीत. जन्मभर कोमट पाण्यात आणि खिडकीच्या उजेडात राहिलेलं झाड त्यांनी स्वतःच्या हाताने काळोखात आणि गारठ्यात आणून ठेवलं होतं. पूर्वी काडी बायको ऐन निघायच्या वेळी काढून द्यायची आणि प्रयोगशाळेतल्या खिडकीत ऊन यायचं, त्यामुळे हे करायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. सर हसले. अख्ख्या वर्गासमोर, आवाज करून हसले.

"हँग नाही झालेलं," ते म्हणाले. "गारठलंय! तुम्ही कुडकुडताय ना, तसंच. त्याला ऊब हवी आणि उजेड हवा. पडदे उघडा रे! एसी बंद!"

"सर, एसी बंद करायची परवानगी नाही," संगणकाच्या बाई घाबरत म्हणाल्या.

मोठ्या बाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी स्वतः बटण बंद केलं. "आता आहे."

"बाई, तुमचा थर्मास द्याल?"

"माझा?" बाईंनी थर्मासकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पुढे केला. "घ्या. सांभाळून, कढत आहे."

सरांनी एका पेल्यात गार पाणी घेतलं, त्यात थर्मासमधलं थोडं थोडं ओतलं आणि दर वेळी मनगटाच्या आतल्या बाजूने पाहिलं. लेक तान्ही असताना तिच्या अंघोळीचं पाणी बायको असंच बघायची आणि त्यांनाही असंच बघायला लावायची. बेताचं कोमट झालं तेव्हा काडी त्यात सोडली आणि पेला खिडकीत, उन्हात ठेवला.

"आता?"

"आता थांबायचं."

"किती वेळ सर?"

"ते त्याला विचारा."

वर्ग थांबला. असं कधी झालं नव्हतं. मुलं बाकावरून माना लांब करून एका पेल्याकडे बघत होती. क्लिकवाला हळूच म्हणाला, "मॅडम, एवढा वेळ प्रत्येक तासाला कुठून आणणार?" बाईही पेल्याकडेच बघत होत्या.

सरांनी नवं पान तोडलं. कोमट पाण्याचा थेंब, वर काच. मग शंकाला हाक मारली. "हात गरम आहेत का तुझे?"

"आहेत सर."

"धर. दोन तळव्यांच्या मध्ये. दाबू नको."

तिने काचपट्टी चिमणीचं पिल्लू धरावं तशी धरली. थोड्या वेळाने सरांनी ती घेऊन भिंगाखाली बसवली.

हिरव्या विटा. स्तब्ध.

मग खालच्या कोपऱ्यातल्या एका विटेत एक ठिपका जरासा सरकला.

"हलला!" कुणीतरी किंचाळलं.

"कुठे? कुठे?"

"खाली, खाली बघ! अरे, अजून एक!"

त्या ठिपक्यामागून दुसरा निघाला, मग त्याच्या शेजारच्या विटेतले निघाले, आणि बघता बघता भिंतभर ठिपके चालू लागले. कडेकडेने, वळणावर जरा अडून, परत पुढे. वर्ग बाकांवर चढला. सर त्यांना उतरा म्हणाले नाहीत. मोठ्या बाई पुढे आल्या होत्या आणि त्यांचं बोट त्यांच्याही नकळत एका ठिपक्याचा पाठलाग करत होतं.

शंका मात्र अजून कपाळाला आठ्या घालून उभी होती. "सर, एक शंका आहे."

वर्ग ओरडला, "आता काय!"

"मधल्या वेळात व्हिडिओ लावला नाही कशावरून?"

"ये इकडे," सर म्हणाले. "ही काचपट्टी. बोटाने उजवीकडे ढकल. अगदी जराशी."

तिने बोट लावलं आणि ढकललं. भिंतभर पसरलेला अख्खा हिरवा पसारा झपकन डावीकडे धावला. ती दचकून मागे झाली. "उलटं!"

"भिंगातून सगळं उलटं दिसतं. परत ढकल."

तिने परत ढकललं, परत पसारा उलटीकडे. मग वर, मग खाली. तिच्या एका बोटावर भिंत नाचत होती. ती हसायला लागली. "खरं आहे," ती वर्गाकडे वळून म्हणाली. "माझ्या बोटाखाली आहे. खरं आहे!"

मग तिने मागे क्लिकवाल्याकडे पाहिलं. "काका, तुमचं गारठतं का?"

"नाही बाळा," तो अभिमानाने म्हणाला. "आमचं कधीच थांबत नाही."

"मग ते जिवंत कसं?"

आधी मोठ्या बाई हसल्या. त्या हसल्या म्हटल्यावर वर्गाला मोकळं रान मिळालं. खरं सांगायचं तर शेवटी क्लिकवालाही हसला. जाताना त्याने पुढे येऊन झाकणाचा आणि रबरबँडचा फोटो काढून घेतला.

तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी उठेना. बाहेर आठवीची मुलं दाराला नाकं लावून उभी होती. मोठ्या बाईंनी आपला रिकामा थर्मास उचलला.

"सर, व्हिडिओ मी घेणार," त्या म्हणाल्या. "हृदय कापून दाखवायला मला तुम्ही नको."

"घ्या की बाई. मलाही आवडले ते."

"पण प्रयोगशाळेचं कपाट हलणार नाही. आणि असा फोन लागेल असा आणखी एक सूक्ष्मदर्शक कुठे मिळतो ते बघा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि गरम पाणी आता घरून आणत जा."

संध्याकाळी सर टाकीशेजारी वह्या घेऊन बसले. लेक घरी आली तर ते आपल्याशीच हसत होते.

"काय झालं?"

"बघ."

तिने पाहिलं. एकीही वही दुसरीसारखी नव्हती. कुणाच्या विटा लांब, कुणाच्या आखूड. कुणी ठिपक्यांना बाण काढले होते, कुणी ठिपक्यांना पाय. एकाने कोपऱ्यात बुडबुडा काढून खाली लिहिलं होतं, "हा बुडबुडा आहे, पेशी नाही." शंकाने आकृतीखाली लिहिलं होतं, "मी स्वतः ढकलून पाहिलं."

"यांना मार्क कसे देणार, बाबा? एक पण बरोबर नाही."

"सगळ्या बरोबर आहेत," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकाम्या बाटल्या घेऊन आला. कुणाची पाण्याची, कुणाची औषधाची, एकीची तर अत्तराची. सरांनी टाकीतल्या काड्या मोठ्या बरणीतून आणल्या होत्या. बरणीला टॉवेल गुंडाळला होता. माशांच्या छपराला बरीच भोकं पडली होती, पण ते वाढणारं झाड होतं, भरून आलं असतं.

"सर, हे शेवाळ किती दिवस टिकतं?" एकाने विचारलं.

"शेवाळ नाही, झाड आहे ते," शंका म्हणाली. "आणि गार ठेवू नकोस, सांगून ठेवते."

सर खाली वाकून पुढची काडी निवडू लागले, कोवळी बघून.

साडेदहा वाजले. टेबलावरचा फोन वाजू लागला, आणि सर हात पुसून तो घेणार एवढ्यात अख्खा वर्ग, एका सुरात, छप्पर उडेल अशा आवाजात ओरडला:

"सर, मासे!"